चिमणीखालचा मांडव

माझा आवाज मोठा आहे, आणि आयुष्यात माझी जी काही फजिती झाली ती बहुतेक त्या आवाजानंच केली. अमरावतीला राजापेठेत खोली करून डिप्लोमा शिकत होतो, तेव्हा मी मोठ्यानं वाचायला लागलो की खालचा दुकानदार गिऱ्हाइकांना म्हणायचा, "थांबा बाप्पा, वरचं भाषण होऊ द्या." पुढं अकोल्याच्या बाहेर एका छोट्या पॉवर हाऊसवर नोकरी लागली. बॉयलरजवळ मी कुणाच्याच कामाचा नव्हतो. साहेबांनी थोडे दिवस पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि मला गावोगाव भाषणं द्यायला पाठवलं.

साठ-बासष्टचा सुमार. त्याआधी आमचा कोळसा बंगाल-बिहारकडून यायचा. रेल्वेच्या वाघिणी आल्या तर आल्या. नाही आल्या की ऐन कापसाच्या हंगामात जिनिंगची यंत्रं थांबायची आणि घरोघरी कंदील पुसायला निघायचे. इकडे वणी-चांद्याला आपलाच कोळसा जमिनीखाली पडलेला. पण त्यात राख फार. जाळला की थोडी राख भट्टीत आणि बाकीची शेजाऱ्याच्या डोक्यावर. म्हणून आमच्याकडे एक नवं यंत्र बसवलं होतं, पत्र्याचं भलंमोठं नरसाळंच म्हणा ना. धूर त्यात गरगर फिरायचा, राख कडेला आपटून खालच्या पिंपात पडायची आणि चिमणीतून बऱ्यापैकी स्वच्छ धूर निघायचा. आम्ही त्याला भोवरा म्हणायचो. दोन राखवाले पिंपाचं झाकण उघडून राख ओढून काढत राहायचे. यंत्र खरंच चांगलं होतं, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगीन. वाईट होतं ते माझं तोंड.

धामणगावला बाजाराच्या आवारात सभा होती. 'आपला कोळसा, आपली वीज' करत मी घसा ताणला. टाळ्या पडल्या. मी पाणी प्यायला वळलो, तेवढ्यात मागून पटका बांधलेला एक शेतकरी उठला.

"थे सारं ठीक हाय भाऊ. पन तुमची राख आमच्या कापसावर पडन त्याचं काय? डागाचा कापूस कोन घेते?"

शहाण्या माणसानं सांगितलं असतं की यंत्र बघायला या. मी शहाणा असतो तर भाषणं कशाला देत फिरलो असतो? मी छाती काढून म्हणालो, "येत्या वैशाखात माझं लग्न आहे. आमच्यात लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं. मांडव त्या चिमणीखालीच घालतो! कुणाच्याही पदरावर डाग दिसला तर पुन्हा या कोळशाचं नाव घेणार नाही!"

टाळ्यांनी आवार दणाणलं. तो शेतकरी म्हणाला, "मंग मी येतोच लगनाले." मी तिथल्या तिथं त्याला आमंत्रण देऊन टाकलं. बैलगाडीत बसल्यावर डोकं ठिकाणावर आलं आणि लक्षात आलं की या चिमणीखालच्या मांडवाबद्दल अजून नवरीला, सासऱ्यांना आणि माझ्या आईला विचारायचं राहिलंय.

सासरे अकोल्याचे शाळामास्तर. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण सोयरीक मोडली नाही. साहेब तर हरखून गेले, आवार झाडून द्यायला तयार. प्रश्न आईचा होता.

आम्ही छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झालेली माणसं. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावाहून आई चालत, गाडीत, मिळेल तशी नागपूरला पोचली होती. जाताना तिनं एक पांढरं पातळ घेतलं. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेली बाई. तिच्या अंगावर कोरं पांढरं कापड कधी चढलंच नव्हतं. त्या दिवशी ते नेसली, घरी येऊन धुतलं, घडी केली आणि पेटीत ठेवलं. "आता तुह्या लगनात नेसीन," म्हणाली होती. तोवर पेटीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती.

चिमणीचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "तिथं राख नाही ना पडत?"

"नाव नको काढू, माय! मी हाय ना!"

मी हाय ना. हे तीन शब्द मी आयुष्यात जिथं जिथं बोललो, तिथं तिथं काही ना काही बुडालं आहे.

लग्नाच्या सकाळी आवारात नुसतं पांढरं दिसत होतं. पांढरी पातळं, पांढरे सदरे, साहेबांचासुद्धा पांढरा कोट. धामणगावचा तो शेतकरी कोऱ्या पटक्यात पुढं बसलेला. मी मान वर करून चिमणीकडे बघायचो आणि स्वतःच्या लग्नापेक्षा तिच्यावरच जास्त खूश व्हायचो. एवढ्यात आई आली. अंगावर ते पातळ, आणि डोक्यावर आमच्या बाची काळी छत्री.

"छत्री कायले आनली?"

"ऊन हाय," ती चिमणीकडे बघत म्हणाली.

"मांडवात ऊन?"

तिनं आवाज खाली आणला. "तुह्या यंत्रावर माहा भरोसा हाय रे. पन पातळ एकच हाय."

माझं डोकंच फिरलं. सारा गाव जमलेला, साहेब बघून राहिले, आणि यंत्रावर विश्वास नाही तो कुणाचा, तर माझ्या आईचा! मी तिच्या कानाशी दात-ओठ खाऊन म्हणालो, "मिट थे छत्री, माय! लोक काय म्हणतीन?"

तिनं मिटली. पायाशी ठेवली. मी तेवढ्यात जिंकल्यासारखा पाटावर जाऊन बसलो.

गुरुजींनी पंचशीलाची पाच शीलं द्यायला सुरुवात केली. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी माझ्या त्या सुप्रसिद्ध आवाजात म्हणत होतो, तेव्हा पहिल्या रांगेत नवाकोरा सदरा घालून बसलेला एक राखवाला ताडकन उठला आणि दुसऱ्याला म्हणाला, "अबे, तू इथं काहून? मंग राख कोन काढून राहिलं?"

कुणीच काढत नव्हतं! दोघांनाही मीच आमंत्रण दिलं होतं. वेगवेगळं गाठून, गळ्यात हात टाकून, "तुझ्याशिवाय माझं लग्न लागायचं नाही" असं दोघांना सांगितलं होतं, आणि दोघांना वाटलं की दुसरा कामावर आहे. पिंप केव्हाच गळ्यापर्यंत भरलं होतं. भोवरा आत गरगर फिरतच होता, पण राखेला खाली जायला जागा नव्हती, म्हणून ती वर निघाली.

आधी आवाज आला. मग वरून करडी राख आली, आरामात, सगळ्यांना पुरेल इतकी. मांडवाचं कापड विरळ होतं. तेही मीच निवडलेलं, वारा लागावा म्हणून. सासऱ्यांच्या टोपीवर, साहेबांच्या कोटावर, गुरुजींच्या उघड्या हातावर राख. धामणगावच्या शेतकऱ्यानं पटका काढला, झटकला आणि शांतपणे म्हणाला, "कापूस संगं आनला नाही, थे बरं केलं."

मी आ वासून बसलो होतो, त्यामुळे थोडी माझ्या तोंडातही गेली.

तेवढ्यात माझ्यावर सावली आली. आई मागं उभी होती. तिनं छत्री उघडली होती आणि माझ्या बायकोच्या डोक्यावर धरली होती. छत्री मोठी, पण दोन पाटांवर पुरली की तिसऱ्याला उरत नव्हती. आई पूर्ण बाहेर. तिच्या खांद्यावर, पदरावर, निऱ्यांवर राख बसत होती आणि ती झटकतसुद्धा नव्हती, कारण झटकायला हात मोकळा नव्हता.

"हो ना पुढं, गुरुजी," ती म्हणाली. "पाचवं राह्यलं."

पाचवं शील मी इतक्या हळू म्हटलं की बायको आजही म्हणते, तिला ते ऐकूच आलं नाही. मला रडू येत होतं, आणि लोकांना वाटलं राख डोळ्यात गेली. त्या राखेचे माझ्यावर तेवढे उपकार आहेत.

पुढं राखवाल्यांपैकी एकानं तरी जागेवर असलंच पाहिजे असा नियम झाला. शब्दाला जागून मी काही महिने 'कोळसा' हा शब्द न उच्चारता कोळशाचा प्रचार केला, 'आपलं खनिज' म्हणत. हसू नका, जमतं ते. पुढच्या हंगामात तो शेतकरी आपण होऊन आला, कोरा पटका चिमणीखाली दोरीवर टांगून दिवसभर बसला आणि तसाच पांढरा पटका घेऊन परत गेला. जाताना राखवाल्यांना हात जोडले. मला नाही.

आईनं पातळ सोड्यानं धुतलं, रिठ्यानं धुतलं, नदीवर नेऊन धुतलं. पदराचा करडेपणा काही गेला नाही. मी नवं घेऊन देतो म्हणालो तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी चप्पल घालून बाहेर गेलो.

लग्नाच्याच वर्षी दसऱ्याला आम्ही तिघं नागपूरला गेलो. आई तेच पातळ नेसली. तिथं पांढऱ्याचा समुद्र, आणि मधे आमची ही करडी. रांगेतल्या एका बाईनं विचारलंच, "मावशी, आजच्या दिवशी पांढरं नाही का नेसलं?"

"पांढरंच हाय," आई म्हणाली. "थे राख माह्या सुनेच्या वाटची हाय."

माझी बायको तिच्या दंडाला धरून उभी होती. तिनं तो पदर आईच्या खांद्यावर नीट लावून दिला. दुपारचं ऊन चढलं होतं. या वेळी छत्री मी आणली होती. मी ती उघडली आणि मागून आईच्या डोक्यावर धरली.

आईनं मान वळवून पाहिलं.

"मिट थे," ती म्हणाली. "लोक काय म्हणतीन?"