मोडीची ट्रंक आणि भंडारदऱ्याचे तात्या

नगरच्या एसटी स्टँडवर मी टांग्यातून उतरले तेव्हा माझ्या डोळ्यांवर गॉगल होता, पायात उंच टाचांच्या चपला होत्या आणि हातात वडिलांची पत्र्याची ट्रंक. बी.ए. होऊन वर्षही झालं नव्हतं. आज ती मुलगी मला रस्त्यात दिसली, तर मी नातवंडांना कोपराने ढोसून दाखवीन.

ट्रंकेत दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रोजनिश्या होत्या. दादा तरुणपणी भंडारदऱ्याच्या धरणावर नोकरीला होते, पुढे भिंगारला कारकून झाले. ते गेल्यावर मी गल्लीभर जाहीर करून टाकलं की आमच्या घराण्याचा इतिहास मी लिहिणार. शेजारणींनी कौतुकाने माना डोलावल्या. मग मी पहिली वही उघडली. सगळी मोडीत. शेवया वाळत घातल्यासारख्या ओळी, आणि एक अक्षर लागेल तर शपथ.

आईने तिच्या पद्धतीने निकाल लावला. "कुणाला वाचता येत नाहीत त्या वह्या घरात ठेवून काय करायचं? आणि रद्दीत तर मुळीच घालायच्या नाहीत. उद्या ह्यांच्या अक्षरात कुणी भजी बांधून देईल. वर्षश्राद्धाला प्रवरेत सोडू, जुन्या पोथ्या सोडतात तशा."

गल्लीत मोडी येणारे म्हातारे होते. पण घरातलं गल्लीत वाचून घ्यायचं नाही, हीही तिचीच अट. उरले फक्त तात्या, दादांचे धरणावरचे खोलीसोबती. नोकरी संपल्यावर ते धरणाजवळ शेंडी गावातच राहिले होते. वर्षश्राद्ध महिन्यावर आलेलं. तेवढ्यात वह्या बोलत्या झाल्या नाहीत, तर पाण्यात.

कंडक्टरने ट्रंक न्याहाळली. "बाई, काय हाय यात?"

"इतिहास," मी मान ताठ करून म्हणाले.

"मग टपावर टाका. त्याला कुठं घाई हाय."

सगळी गाडी हसली. मी हट्टाने ट्रंक मांडीवर घेतली. परिणामी संगमनेरला चहासाठी उठायला गेले तर दोन्ही पाय झोपलेले. मी सरळ शेजारच्या आजीबाईंच्या मांडीत जाऊन बसले. "बस, बस," त्या शांतपणे म्हणाल्या, "लेकीवानी हायस. त्यो डब्बा तेवढा बाजूला घे."

त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. मागे राहुरीकडे दुष्काळी कामावरच्या बाया रस्त्याकडेला खडी फोडत होत्या आणि शेतं तव्यासारखी तापलेली. अकोले मागे पडलं तसे डोंगर जवळ सरकले. राजूरनंतर खिडकीतून गार वारा आला, आणि एका वळणावर धरणाचं पाणी चमकलं. पाणी खाली गेलेलं, तरी मला ते समुद्राएवढं वाटलं. मी गॉगल वर करून पाहिलं, आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून पुन्हा खाली केला.

तात्यांचं घर चढावर. अर्ध्या वाटेत एक टाच निखळली. शेवटी दोन्ही चपला हातात, ट्रंक कमरेवर आणि गॉगल जागच्या जागी, अशी मी दारात उभी राहिले. काकू, म्हणजे तात्यांची बायको, लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगं बया, ही तर बापावर गेलीय. त्यो पन ह्या चढाला वहाना हातातच घेऊन यायचा."

घराण्याच्या इतिहासातलं पहिलं वाक्य मला मिळालं होतं. ते लिहून घ्यायचं मला सुचलं नाही, कारण मी भुकेली होते. नागलीची (नाचणीची) भाकरी, हुलग्याचं (कुळथाचं) पिठलं आणि डोळ्यांत पाणी आणणारी चटणी. नंतर तात्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि घसा साफ करून वाचायला सुरुवात केली.

"आज तात्याने आम्हा सर्वांसाठी फक्कड मटण केले. असा सुगरण पुरुष पाहिला नाही."

"मटन?" काकू लसणीवरून नजर न काढता म्हणाल्या. "माळ घातलेली हुती की तुमच्या गळ्यात."

"हा दुसरा तात्या असंल," तात्या म्हणाले आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर तात्यांनी वाघ पळवला. त्याच्या पुढच्या पानावर साहेबाला इंग्रजी शिकवलं. मी भराभरा लिहून घेत होते, डोळे पाणावत होते. दादांनी मित्राला केवढा मान दिला. माझा चहा संपला तरी तात्यांचं बोट अजून त्या पानाच्या पहिल्याच ओळीवर होतं, हे दिसायला मला चांगला तासभर लागला. बी.ए. कशाला म्हणतात ते असं.

"तात्या, ओळ एवढीशी आहे."

"मोडीत लई मावतं, पोरी."

काकूंनी विळी बाजूला सारली. "माझ्या लग्नाचं पान काढा."

"ते पान वाळवीनं खाल्लंय."

"ट्रंक पत्र्याची हाय."

तात्या ओट्यावरच्या कोंबडीकडे बघू लागले. मग काकूच माझ्याकडे वळल्या. "मला बघाय आले, तवा हे इतके लाजले की तुझ्या बापाला म्होरं बशिवलं आन आपन त्याच्या पाठीमागं. समदी उत्तरं त्योच देत हुता. मी एकदाच नजर वर केली. मला वाटलं, ह्योच नवरा. म्हनून व्हय म्हनले."

"मग कळलं कधी?"

"अंतरपाट खाली घेतला तवा. समोर हे. अक्षता पडल्या हुत्या, आता कुठं जातीस?"

तात्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "तुला त्यो नवरा वाटला हुता? ह्या साऱ्या वर्सांत बोलली न्हाईस कधी."

"पाठीमागं लपला हुता ते तुमी तरी कुठं बोललात?" काकू पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "बरंच झालं म्हना. हिचा बाप लई बोलायचा."

मग तात्याही हसले, आधी कसंनुसं, मग खोकला येईपर्यंत. त्यानंतर त्यांनी खरं वाचलं. दादांनी लिहिलं होतं: "मुलीने नजर वर केली ती नेमकी माझ्याकडे. तात्याला सांगावे तर तो लग्नच मोडील. गप्प बसलो. देवा, सांभाळ." वाघ कुठेच नव्हता. एक मांजर होतं, आणि ते तात्यांच्या मागे लागलं होतं.

पण दोनचार पानं झाली की तात्यांची जीभ आपोआप सजावटीकडे वळे. अखेर तेच वैतागून म्हणाले, "माझ्यावर इस्वास ठेवू नको. तूच शिक." मी तिथेच ठाण मांडलं. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवायची. मी पाटीवर गिरवायची, काकू येताजाता म्हणायच्या, "आज गांडूळं जरा बरी आलीत."

परतीच्या गाडीत मी ट्रंक टपावर टाकली आणि मांडीवर एकच वही ठेवली. अडखळत, ओठ हलवत वाचत राहिले. गॉगल मी कुठे विसरले ते मला आजतागायत माहीत नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं उरकली. आईने वह्या लाल फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. मी गाठ सोडली आणि तात्यांच्या मुलगी पाहण्याचं पान वाचलं, पहिलीतल्या पोरीसारखं, एकेका अक्षरावर थांबत. उरलेलं, अंतरपाटापर्यंतचं, काकूंच्या तोंडचं सांगितलं.

आईने पदर तोंडाला लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे.

"तरीच," ती कशीबशी म्हणाली. "मला पाहायला आले तेव्हा एक जण आत आलाच नाही. बाहेर बैलगाडीपाशी पाठमोरा बसला होता, डोक्यावरून उपरणं घेऊन. मला वाटलं, तापबिप आला असेल बिचाऱ्याला. ह्यांनीच बसवलं असणार बाहेर, मी चुकीच्या माणसाला हो म्हणेन म्हणून." दादा गेल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. डोळे पुसून तिने वही माझ्याकडे सरकवली. "बघ, त्या दिवसाचं काय लिहिलंय."

पान सापडायला संध्याकाळ झाली. दादांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: मुलगी पसंत, तात्याला बाहेर ठेवल्याने काम सुरळीत झाले.

"आणि चहाचं?"

"चहाचं काही नाही."

"वाटलंच मला." आईने फडक्याची घडी घातली आणि ते भांडी पुसायला घेतलं. "खाली जागा आहे ना? लिही तिथे. बाहेरच्या माणसाला सुंठीचा चहा मी पाठवला होता. आणि साध्या अक्षरात लिही, मला वाचता आलं पाहिजे."