समजलं ते सांग

आमच्या घरमालकांइतका दुसऱ्याच्या होकारावर अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या श्रीरामपुरात सापडायचा नाही. सारी नोकरी त्यांनी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली. स्टेशनमास्तरांचा हुकूम फोनवर आला की तो परत म्हणून दाखवायचा, मगच गाडीसाठी सिग्नलचा खटका ओढायचा, अशी तिथली रीत. निवृत्त झाल्यावर फोन सुटला, खटका सुटला, रीत मात्र घरी आली. आणि तीही जरा कडक होऊन, कारण आता समोरच्यानं स्वतःच्या शब्दांत सांगावं लागे. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जादा सांगितलं आणि तो नुसता "हो" म्हणाला, की हे पातेलं मागं घेत. "हो नगं. काय समजलं ते सांग." मुलीच्या लग्नात चर्चमध्ये नवऱ्यामुलानं पाळकसाहेबांमागे वचनं भराभर म्हटली, तर हे पहिल्या बाकावरून उठले आणि तुझ्या शब्दांत सांग म्हणाले. तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "ही आजारी पडली तर मी सुट्टी काढीन." सगळं चर्च हसलं. हे समाधानानं खाली बसले.

मी सातवीतून शाळा सोडलेला, यवतमाळकडून इथं बेकरीत कामाला आलेला, त्यांच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. संधिवातानं माझी बोटं सुजायला लागली, सकाळी मूठ मिटेना. मैदा मळणाऱ्याची बोटं गेली म्हणजे राहिलं काय? नगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई मला नावानं हाक मारत, बसायला खुर्ची देत. एवढ्या मानाची सवय नसल्यानं मी त्यांच्यापुढे विरघळूनच जाई. एकदा त्या म्हणाल्या, नव्या औषधाची चाचणी चालू आहे, भाग घ्यायचा का बघा, आणि संमतिपत्राची जाडजूड पानं वाचायला घरी दिली. मी ती नुसती चाळली. सही करायची हे मनानं घेतलंच होतं. नाही म्हटलं तर बाई दुखावतील, चालू गोळ्याही बंद होतील, ही धास्ती. मालकांना सांगितलं, तर ते हो म्हणेनात की नाही म्हणेनात. पुढच्या खेपेला मात्र इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर एसटीत बसले.

दवाखान्यात मी सहीला पेन मागितलं, तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, याला काय समजलंय ते याच्या तोंडून ऐका की."

मी म्हणालो, "नवीन औषध आलंय. ते देऊन तुम्ही मला बरं करणार."

पेन बाईंनीच बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून समजावू लागल्या. काहींना नवं औषध मिळेल, काहींना आत्ताचंच. मला कुठलं मिळतंय हे त्यांनाही कळणार नाही. गुण येतो का, त्रास होतो का, हेच तर शोधायचं आहे. मी सांगून दाखवलं, चुकलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना भीतीच्या भरातच विचारून गेलो, "नको म्हटलं तर आत्ताच्या गोळ्या मिळतील ना?"

"मिळतील की. आजही लिहून देणारच आहे."

"मग नको, मॅडम. त्रास झाला तर जवळ घरचं कुणी नाही."

एवढ्या भल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. बाईंनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या.

परतताना राहुरी मागं पडली तेव्हा मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी असतो तर केली असती सही. कुणीतरी केल्याबिगर औषधाचं कळायचं कसं?"

मला कसंसंच झालं. मग आधी का बोलला नाहीत, असं विचारलं.

"बोललो असतो तर तू माझ्यासाठी केली असतीस. बोटं तुझी हायेत, लेका."

आता ते मुलीकडे राहायला गेलेत. माझी बोटं अजून सुजतात, थंडीत जास्तच, आणि एखाद्या सकाळी मनात येतं, केली असती सही तर? फोनवर मी हे काढत नाही, त्यांची तब्येत विचारतो. "बरा हाय," म्हणतात. आवाज बारीक झालाय त्यांचा. मी फोन लवकर ठेवत नाही.