आयाळ नसलेला नरसिंह

लडकू दरवर्षी मला ठार मारतो. नात्यानं तो माझा भावोजी, माझ्या बहिणीचा, गुणाबाईचा नवरा. पण आमी दोघं एकाच वर्गात नापास झालेले, म्हणून मी त्याला लडकूच म्हणतो.

शहापूरकडल्या शेणवे गावाच्या पलीकडं आमच्या पाड्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. मुखवटे घालून देवादिकांची सोंगं संबळावर नाचत येतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं हे आज्यापणज्यापासून ठरलेलं. नरसिंह लडकूच्या घराचा, हिरण्यकश्यपू माझ्या घराचा. दिवेलागणीला तो मला मांडीवर घेतो, माझं पोट फाडतो, आणि मग आमी दोघं देवळामागं बसून चहा पितो. एरवी हा माणूस कोंबड्याला घाबरतो. गुणाबाईनं आवाज चढवला की भाताच्या कणगीमागं जाऊन उभा राहतो. पण मुखवटा चढला की अरे बापा, माझ्याच काळजात धस्स होतं!

गेल्या साली त्याच्या गुडघ्यांनी घात केला. मला फाडून झालं आणि याला उठता येईना. संबळवाला वाजवून वाजवून दमला. शेवटी मीच, मेलेला माणूस, उठलो आणि नरसिंहाला काखेत धरून उभा केला. लोक हसून लोळले. लडकू नाय हसला. आमच्या गावकीत यमाजीबाबाचा शब्द शेवटचा; त्यानं तिथंच सांगून टाकलं, "पुढल्या साली गुडघे नाय चालले तर सोंग गावाला परत दे. दुसऱ्या घरात देऊ. तुला कुठं मुलगा आहे?"

मुलगा नाय, पण मुलगी आहे, भाविका. शहापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली आणि तिकडं गुजरातेत, गीरला, सिंहांवर संशोधन करणाऱ्या एका मॅडमच्या हाताखाली लागली. काम काय, तर मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून कुठला सिंह कोण ते ओळखायचं. लडकू शहापूरच्या बाजारात दिसेल त्याला सांगत सुटला, "पोरगी सिंहाच्या मिशा बघते!" एका दुकानदारानं विचारलं, "कापते का?" त्या दिवसापासून लडकू त्याच्याकडून मीठसुद्धा घेत नाय.

यंदा लडकू काठीवर चालायला लागला होता, आणि बोहाड्याला भाविका घरी आली. मी जाऊन बघतो तर मुखवटा माळ्यावरून खाली काढलेला, आणि सगळे त्याच्याभोवती सुतक असल्यासारखे बसलेले. उंदरांनी आयाळ साफ खाल्ली होती. वाखाचा एक धागा नाय राहिला. नुसते दोन कान उभे.

"हा तर बोका झाला गो!" गुणाबाई म्हणाली.

"आई, सिंह मांजराच्याच कुळातला," भाविका हसत म्हणाली. "आणि गीरच्या सिंहाची आयाळ तशीही विरळ. त्याचे कान दिसतात. पोटाखाली कातडीची घडी लोंबते, ती त्याची खूण."

"ती माझ्याकडं पण आहे," मी म्हटलं.

"मामा, तुमी वेगळ्या कुळातले." मग ती सांगत बसली. गीरच्या सिंहाला आधी वेगळी उपजात मानायचे. नंतर शास्त्रज्ञांनी तपासणी केली, एकत्र बसले, आणि त्याला आफ्रिकेच्या उत्तरेकडल्या आणि पश्चिमेकडल्या सिंहांबरोबर एका गटात टाकलं.

"म्हणजे त्याची भावकीच बदलली?" लडकूनं विचारलं.

"तसंच काहीतरी."

"त्याला विचारलं?"

"बाबा, त्याला काय विचारणार! आणि सिंहांचं घर चालतं ते सिंहिणींवर. शिकार बहुतेक त्याच करतात. मुली आईच्या कळपात राहतात, मुलगे वयात आले की हाकलतात."

गुणाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी चहा न मागताच उठलो.

संध्याकाळी गावकी बसली. भाविकानं सरळ सांगितलं, "मुखवटा मी घालते." झालं, नुसता कालवा! पोरीनं सोंग घ्यायचं? सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो. जिला मी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवली, तिच्या हातून मी मरू? यमाजीबाबा म्हणाला, "आणि आयाळ नाय तर तो सिंह कसला?"

लडकू गावकीत कधी तोंड उघडत नाय. त्या दिवशी माझा खांदा धरून उठला. "सिंहिणीला कुठं आयाळ असते? मारायचं काम तीच करते. आणि बाबा, चार शिकलेली माणसं बसून सिंहाची भावकी फिरवतात. मग आपण एवढे बसलोय, आपल्याला एका सोंगाचा नेम फिरवता येत नाय?"

यमाजीबाबानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मरणाऱ्याला विचारा."

आमच्यात तसा रिवाजच आहे. मरणाऱ्यानं मारणाऱ्याला विडा द्यायचा, तेव्हा सोंग उभं राहतं. मेल्या म्हाताऱ्यानं सगळं माझ्या गळ्यात टाकलं! मी नाय म्हणणारच होतो. पण लडकूनं मुखवटा पोटाशी धरला होता. मला फार वाईट वाटलं. मी विडा भाविकाच्या हातात आपटला. "नख जपून मार," म्हटलं.

बोहाड्याच्या दिवशी दिवेलागणीला नरसिंह आला, बोडका, कान उभे. पोरं फिदीफिदी हसायला लागली. तेवढ्यात ती गरजली. लडकू आऽऽ करून ओरडायचा. ही पोटातून खोल गुरगुरली, मग वर चढली, आणि शेवटी हुं, हुं, हुं करत राहिली. देवळापुढली कुत्री शेपूट घालून पळाली. माझी तलवार खरोखर हातातून गळाली.

तिनं मला मांडीवर घेतला, फाडला. सवयीनं मी हळूच विचारलं, "उठता येईल ना गो?"

"मामा, मेलेल्यानं बोलायचं नसतं," ती म्हणाली, आणि झटक्यात उभी राहिली. मी धपकन खाली.

मग गाव नरसिंहाच्या पाया पडायला लागलं. लडकू आला. लोक म्हणाले, "अरे, उभ्यानंच हात जोड, गुडघे बघ तुझे." त्यानं ऐकलं नाय. काठी टाकली, कण्हत कण्हत खाली बसला आणि पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं. वरून मुखवट्याच्या आतून हुंदका आला.

आता त्याला उठता येईना. संबळ वाजत राहिला. मी मेलेला, तरी उठलो. एका काखेत मी धरलं, दुसऱ्या काखेत नरसिंहानं.

"हळू रे," लडकू म्हणाला. तो हसत होता.