धाकटीचं पाठांतर

आमच्या घरात हुशारी पाठांतरावर मोजत. तुळजापुरात यात्रेकरूंना उतरवून घेणारं, पूजा सांगणारं आमचं घर. ज्याला जास्त पाठ तो शहाणा. आमचे वडील, म्हणजे अण्णा, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, तिथंही पाठांतरच. आमचा एखादा उच्चार चुकला की ते तोंडात घास असला तरी हात वर करायचे. हात वर झाला की थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. मला त्या हाताचा लहानपणापासून राग होता.

धाकटी बहीण झाली आणि काही महिन्यांत तिचं डोकं वाढू लागलं. टाळू फुगली, डोळे खाली वळले. आधी अंगारा झाला, मग सोलापूर, मग मुंबई. महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. डोक्यात साठणारं पाणी खाली उतरावं म्हणून डॉक्टरांनी कातडीखालून बारीक नळी घातली. कानामागं बोटाला उंचवटा लागायचा. न्हाऊ घालताना आईचा हात तिथं थबकायचा. डॉक्टर म्हणाले होते, "जीव वाचला. बुद्धीचं मात्र शाळेत गेल्यावर कळेल."

पण शाळेची वाट बघायची गरजच वाटेना. धाकटी चालायला उशिरा लागली, पण एकदा बोलू लागली ती थांबेचना. आरत्या, श्लोक, पाढे, ऐकलेलं सगळं जसंच्या तसं. यात्रेकरू दारात आले की पोक्त बाईसारखी म्हणायची, "या, बसा. यष्टीला गर्दी होती का? दर्शन झालं का? आई आत सैपाकात हाय, जेवूनच जावा." बाया तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायच्या. "लई श्यानी हाय हो पोर." डोक्यातलं पाणी गेलं आणि सरस्वती आली, असं अण्णांनी ठरवूनच टाकलं.

मी तिच्याबरोबर घरात वावरत होते, म्हणून मला दिसत होतं. आई सांगायची, "चार माणसं जेवायला हैत, पाट मांड." ती कधी दोन मांडायची, कधी होते नव्हते तेवढे सगळे, आणि मांडताना चाराचा पाढा न चुकता म्हणायची. दुकानातून घरी यायची वाट तिला सापडायची नाही. आमच्याच दारासमोरच्या लिंबाखाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमचं घर लिंबासमोर हाय," आणि रडायची.

एकदा जादा पाट उचलता उचलता आई पुटपुटली, "बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी." लगेच तिनं तोंडाला पदर लावला. पोटच्या पोरीला आपण हे बोललो, याचंच तिला रडू आलं.

शाळेत पाठांतराच्या जोरावर धाकटी वर चढत गेली. शेवटी मास्तरच घरी आले. म्हणाले, "अण्णा, पोरगी म्हणती सगळं. पण मधलंच काही इचारलं तर तिला उमगत न्हाय." अण्णांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मात्र तिला घेऊन ते पुन्हा मुंबईला निघाले. मीही बरोबर गेले.

डॉक्टरांसमोर धाकटीनं अख्खं स्तोत्र म्हणून दाखवलं. अण्णा डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होते. डॉक्टरांनी विचारलं, "तुझ्याकडे पाच बोरं आहेत. दोन मला दिलीस. किती उरली?"

"बोरं खाऊ नका, खोकला येतो," ती म्हणाली. "तुम्ही या ना तुळजापूरला. दर्शन झालं का?"

नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कानामागचा उंचवटा दाबून पाहिला. "नळी चांगली चालू आहे."

"मग?" अण्णांनी विचारलं.

"यापुढं आमच्या हातात काही नाही."

परतताना गाडीत अण्णांनी तिला नवा श्लोक शिकवायला घेतला. मला इतका संताप आला की मी खिडकीबाहेर तोंड केलं. पण दुसरं काय करायचं, हे मलाही सांगता आलं नसतं. मी तर तिला काहीच शिकवत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात कावीळ होऊन आई गेली. आम्ही धाकटीला जवळ बसवून सांगितलं. "आई देवाघरी गेली," हे वाक्यही तिला पाठ झालं. विचारलं की म्हणायची.

माणसं भेटायला येऊ लागली. अण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले. सोनारीची मावशी रडतच पायरी चढली, तशी धाकटी पुढं झाली. "या, बसा. यष्टीला गर्दी होती का? दर्शन झालं का? आई आत सैपाकात हाय—"

अण्णांचा हात वर गेला.

धाकटी थांबली. तिनं अण्णांकडं पाहिलं, पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.