धर्माजीचे डोळे

मेलेल्या माणसांचे डोळे उघडण्यात उज्ज्वलाचा हात कोणी धरू शकत नव्हतं. हसू नका राव, खरं सांगतोय. आळेफाट्याला माझा फोटो स्टुडिओ. दोन हजार तीन-चारचा काळ. खेड्यापाड्यातल्या कितीतरी माणसांचा पहिला आणि शेवटचा फोटो तिरडीवरच निघायचा. दशक्रियेला हार घालायला तो चालत नाही, म्हणून लोक माझ्याकडं यायचे आणि म्हणायचे, "भाऊ, डोळं तेवढं उघडून द्या." माझ्याकडं कामाला असलेली उज्ज्वला मेलेल्याच्या भावाचे, मुलाचे डोळे बघून कॉम्प्युटरवर तिथं नवे डोळे रंगवायची. फोटो हातात पडला की लोक हंबरडा फोडायचे. मला मात्र त्या नजरेपुढं दुकानात एकट्यानं बसवायचं नाही.

पोरगी महाळुंगे पडवळची, शेतकऱ्याची. तिला या हारातल्या माणसांत अडकायचं नव्हतं. कार्टूनसाठी, गेमसाठी हलती-बोलती माणसं कॉम्प्युटरवर घडवायची, हे तिचं वेड. पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं. एक चेहरा बनवून आणा म्हणाले, मान वळवणारा, डोळे हलवणारा. वडलांनी बजावलं होतं, "ह्येवढं एकदा. नाय जमलं तर गपगुमान बोहल्यावर चढायचं."

त्याच दिवसांत मढ गावाहून कोंडाबाई आली, बरोबर तिचा दीर हौशीराम. तिचा नवरा धर्माजी मागच्या पावसाळ्यात पळालेला बैल शोधायला माळशेजच्या अंगाला गेला, तो परत आलाच नाही. भावकी म्हणत होती, किती वाट बघायची, पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी देऊ, दिवस घालू. कोंडाबाई ऐकत नव्हती. धर्माजीचा फोटो एकही नव्हता. हौशीरामला वाटलं, तोंड समोर दिसलं की बाई मानेल.

उज्ज्वलानं हौशीरामचं नाक घेतलं, जबडा घेतला. बाकीचं कोंडाबाई सांगत गेली, "भुवई दाट. व्हट जरा जाड." फोटो झाला, पण पोरीचा जीव त्या चेहऱ्यावर बसला. तिनं विचारलं, "मावशी, ह्यांना मी पुण्याला नेऊ का? हलतं करून?" कोंडाबाईला किती कळलं देव जाणे. ती म्हणाली, "हलतं कर. मंग मला दाव."

कॉम्प्युटरात असा चेहरा आधी बारीक जाळीचा विणतात, मग वर कातडी चढवतात. उज्ज्वलाची जाळी डाव्या कानापाशी सारखी फाटत होती. बुजवली की पुन्हा तिथंच फाटायची. मी ओरडलो, "अगं, डोकंबिकं फिरलंय का तुझं? राहू दे की कान!" तिनंही वैतागून ती खाच तशीच सोडली.

बाजाराच्या दिवशी कोंडाबाई दिराला घेऊन आली. भरदुपार, बाहेर ट्रकांचे हॉर्न. उज्ज्वलानं बटण दाबलं. पडद्यावर धर्माजीनं मान वळवली, पापणी लवली, आणि त्यानं बाईकडं बघितलं.

कोंडाबाई स्टुलावरून उठली आणि तिनं त्या कानावर बोट ठेवलं. "ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"काय, मावशी? ती चूक आहे माझी."

"बैलानं शिंग मारलं व्हतं. मारलं आन पळाला. त्यालाच हुडकाय गेलं ह्ये. मी लुगडं फाडून कान बांधला. कुणाला ठावं न्हाई, दिराला बी न्हाई."

हौशीरामचं तोंड उघडंच राहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. पडद्यावर तो आपला इकडं वळायचा, तिकडं वळायचा, पुन्हा तिच्याकडं बघायचा.

"कुठं व्हता तुमी?" कोंडाबाई त्यालाच विचारत होती. "पोरं उंबऱ्यात झोपत्यात तुमच्यापायी." बराच वेळ ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग उज्ज्वलाकडं वळली. "बाय, दमल्यात ह्ये. डोळं मिट ह्यांचं. मिटलं म्हंजी मी दिवस घालाय मोकळी. पर पुन्यांदा उघडू नगं. शपथ हाय तुला."

उज्ज्वलानं माउस हातात घेतला. आजवर तिनं डोळे उघडलेच होते, मिटले कधी नव्हते. पडद्यावरच्या पापण्या हळूहळू खाली आल्या. आमची ही, इंद्रायणी, चहाची किटली घेऊन दारात उभी होती. किटली टाकून तिनंच कोंडाबाईला धरलं. कोंडाबाईनं पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं आणि हौशीरामला म्हणाली, "चल. पीठ मळाय लागंल."

पुण्याला जायचा दिवस आला तरी धर्माजीचे डोळे मिटलेलेच. मी भडकलो. "अगं बये, हातची नोकरी जाईल! दुसरा चेहरा करायला आता वेळ कुठाय? एका बटणाचं काम, उघड! मढहून कोण येतंय बघायला?"

तिनं माउस माझ्यापुढं सरकवला. "मग तुम्हीच उघडा, भाऊ."

मी हात पुढं नेला. पडद्यावरचा माणूस शांत झोपला होता. त्या कानाकडं माझी नजर गेली आणि हात आपोआप मागं आला. लई भ्यालो मी, सांगायला लाज कसली.

ती तशीच गेली. संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. "भाऊ, त्यांनी विचारलं, डोळे का मिटलेत. मी म्हटलं, घरच्यांनी मिटायला सांगितलेत, उघडता यायचे नाहीत. मग म्हणाले, इथंच बसून दुसरा कोणीतरी कर, आठवणीतून. मी तुम्हाला केलं. रागावलेले! घेतलं मला, भाऊ!"

मी आनंदानं ओरडलोच. इंद्रायणी पेढे आणायला म्हणून चपला घालायला लागली. आणि मग माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"उज्ज्वला," मी विचारलं, "माझे डोळे?"

"उघडे आहेत. चांगले वटारलेले."

दारात इंद्रायणी पिशवी शोधत होती. मी तिच्याकडं बघत राहिलो.

"तसेच ठेव," मी म्हटलं. "कोणी कितीही सांगितलं तरी मिटू नकोस. वेळ आली की आमची ही येईल सांगायला."