मेनूकार्डावरचा इतिहास

खानावळीचे मालक पेढे घेऊन घरी आले तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी काम आहे. भाट्याच्या किनाऱ्याला त्यांची चौथी शाखा निघत होती. "बाई, तुमची भाषा झकास. मेनूकार्डावर आमचा इतिहास लिहून द्या. तुमची आई पण आमच्याकडेच होती की, घरच्यासारखी."

घरच्यासारखी! एसटी स्टँडजवळ त्यांची चार टेबलांची खानावळ होती, तेव्हापासून पंचवीस वर्षं आई तिथे वाटण वाटत होती, बांगड्याचं तिखलं शिजवत होती. आम्ही बौद्धवाडीतले. म्हणून तिने मागच्या दाराने यायचं आणि गिऱ्हाईक यायच्या आत मागच्याच दाराने जायचं. कोणी बोटं चाटत विचारलं की मालक सांगायचे, "आमच्या आईच्या हातचं." त्यांच्या आईला चहासुद्धा धड जमत नसे. शाळेतून येताना मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पाचवीत होते. तेव्हापासून डूख धरून आहे.

मी इतिहास लिहिला, अगदी गोड भाषेत. तिखलं कोणी शिजवलं ते आईच्या नावासकट, वाडीच्या नावासकट. मालकांनी चष्मासुद्धा लावला नाही. "शाळेतल्या बाईंनी लिहिलंय, त्यात काय तपासायचं?" त्यांच्या मुलाने फक्त कार्डाचे रंग बघितले. चारही शाखांची कार्डं छापून, प्लॅस्टिक चढवून आली. हा विश्वासघात आहे हे मला कळत होतं. जराही वाईट वाटलं नाही.

उद्घाटनानंतर आठवड्याने मी आईला रिक्षाने भाट्याला नेलं. पुढच्या दाराने आत नेऊन मधल्या टेबलाशी बसवलं. एव्हाना कार्डावरचं आईचं नाव वाचून "ही बाई कोण हो?" असं गिऱ्हाइकं विचारायला लागली होती. कार्डं मागे घ्यावीत, तर का घेतली तेही सांगावं लागलं असतं. मालक आमच्याजवळ येऊन उभे राहिले. "बाई, चांगलीच शोभा केलीत आमची."

मी तोंड उघडणार तोच आईने हात वर केला. ती वाचत होती. ओळीखालून बोट फिरवत, सावकाश, शेवटपर्यंत. स्वतःच्या नावाशी थांबलीसुद्धा नाही.

"सगलं लिवलंस," ती म्हणाली, "पन मागल्या दाराचं काय नाय लिवलंस?"

ते मी सभ्यपणा म्हणून वगळलं होतं.

"मालक, तुमीच सांगा हिला," आई आवाज चढवून म्हणाली. "तुमाला सगलं ठाव हाय."

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक जेवायचे थांबले.

"सांगा की," मी म्हटलं.