अमरवेलीचं स्वतःचं तेल

माझी आत्या हट्टी आहे, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. तिनं लग्न केलं नाही, आमच्या घराची मागची खोली सोडली नाही आणि अमरवेलीचा नादही सोडला नाही. आई म्हणायची, नणंद काय आणि तिची वेल काय, दोघी दुसऱ्याच्या जिवावर. आत्या हसायची. मला मात्र आईचा राग यायचा.

अमरवेलीला पानं नाहीत, हिरवेपणा नाही, नुसते पिवळे दोरे. शेजारच्या झाडात सुळे रोवायचे आणि रस ओढायचा. आत्या प्रयोगशाळेत तिची वाळवून पूड करायची आणि त्यातून मेदाम्लं आणि स्टेरॉल वेगळी काढायची. पेशीचं आवरण ज्यापासून बनतं तो हा तेलकट माल. वेल तोही झाडाकडून आयता उचलते, असं तिच्या मोजणीवरून ठरलं आणि विभागप्रमुखांनी त्यावर नाव कमावलं.

मग आत्याला स्वतःचीच चूक सापडली. वेल झाडाला जिथं चिकटते, तिथलेच तुकडे तिनं कापले होते. सोबत झाडाची साल आली आणि मोजलं गेलं ते सालीचं तेल. आता तिनं दोन निराळ्या झाडांवरच्या वेलींचे मोकळे, लोंबते शेंडे घेतले. झाडांची तेलं वेगवेगळी निघाली, वेलीचं दोन्हीकडे सारखंच.

विभागप्रमुख साहेबांनी आधी समजावलं, मग दम दिला. परिषदेला येणाऱ्या पाहुण्यांसमोर जुनंच सांगायचं, नाहीतर नोकरीचा करार वाढणार नाही. बाबांची पाचावर धारण बसली. जरा नमतं घे, विचार कर, म्हणाले. करते म्हणाली. केला नाही.

भरल्या सभागृहात ती उभी राहिली. मी मागच्या रांगेत होते.

"तो नमुना मी चुकीचा कापला होता," ती म्हणाली. "वेल साखर चोरते, मान्य. पण तेल ती स्वतः बनवते. तिच्यावर खोटा आळ मी घेतला, मीच मागे घेते."

साहेब म्हणाले, खाल्ल्या घरचे वासे मोजू नका.

"मोजण्याचाच पगार देता ना?"

अभिमानानं माझा ऊर भरून आला.

करार संपला त्या संध्याकाळी ती एक कुंडी छातीशी धरून घरी आली. कुंडीतल्या झुडपावर वेल. आई दारात उभी होती.

"आता हीपण इथंच राहणार?"

"राहणार, वहिनी. खाऊ तुझ्याकडचं. पण आमचं आम्ही बनवतो, एवढं लक्षात ठेव."

आईनं कुंडीकडे पाहिलं. मग बाजूला सरकली. पूर्ण नाही, कुंडी आत जाईल इतकीच.